घळीच्या तोंडावरचा दगड

अभिमन आबांचा उजवा पाय मोडला तो बांधावरच्या म्हसोबापासून दोन हातांवर. ठिबकच्या नळीत चप्पल अडकली, आबा आडवे झाले, घोटा गेला. जळगावला नेऊन सहा आठवड्यांचं प्लास्टर चढवलं आणि त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. मुलगा भूषण म्हणायचा, दोन हातांवरच्या माणसाला जो सावरू शकत नाही, त्या देवासाठी आपण शेताचं वळण अडवून बसलोय. आबांचं म्हणणं, दोन हातांवर होतो म्हणून घोट्यावर निभावलं. दहा हातांवर असतो तर कमरेवर गेलं असतं. प्रमिलाबाई दोघांचंही ऐकायच्या आणि ज्याच्या ताटात भाकरी वाढत असतील त्याच्या बाजूच्या व्हायच्या. बापलेक वेगवेगळ्या वेळी जेवत, म्हणून त्यांचं जमून जायचं.

वळणाचं प्रकरण असं होतं. आबांचं केळीचं शेत चोपड्याच्या रस्त्याला लागून. आत जायला एकच वाट, वाटेला एकच वळण आणि त्या वळणावर बरोबर म्हसोबा. दरसालच्या शेंदराने तो जाड होत गेलेला. आबांच्या आजोबांच्या वेळी गुडघ्याएवढा, आता मांडीएवढा. ट्रॅक्टर ट्रॉलीविना कसाबसा निघे. पण परदेशी जाणाऱ्या मालाचा कंटेनर त्या वळणावर वळत नसे. मग घड डोक्यावर वाहून रस्त्यापर्यंत न्यायचे. वाटेत घासायचे, काळे डाग पडायचे आणि डागाळलेला घड कंटेनरवाला बाजूला काढायचा. भूषणची मागणी एवढीच, की म्हसोबाला दहा पावलांवर निंबाखाली बसवू. ओटा बांधू, वर पत्रा टाकू. आबा म्हणाले, "तुले जठे हलवानं तठे हलव, मी मेल्यावर." यापुढे बोलायला काही उरत नाही. तरी भूषण दर आठवड्याला बोलायचा.

सून दिपमाला मुक्ताईनगरची. लग्नात तिने शिलाई मशीन आणलं आणि त्याच्याबरोबर गेमचं मशीनही आणलं. सासरी पहिल्याचं कौतुक झालं, दुसरं माळ्यावर गेलं. चौथ्या आठवड्यात आबांनी टीव्हीवरचे सगळे बातमीवाले ओरडून गप्प केले, तेव्हा तिने ते खाली काढलं आणि आबांच्या हातात रिमोटसारखं ते दोन मुठींचं यंत्र दिलं. "आबा, बातम्यांपेक्षा राक्षस बरे. ओरडले तर निदान मारता येतं."

गेम राक्षसांचाच होता. काळे डोंगर, लाल आकाश आणि प्रत्येक दरीत कुणी ना कुणी शिंगवाला. एक तलवारवाला माणूस असतो, त्याला हिंडवायचं. गावकरी काम सांगतात, ते करायचं. आबांनी त्या तलवारवाल्याचं नाव पुना ठेवलं. हे त्यांच्या जुन्या सालदाराचं नाव. खऱ्या पुनाला "डावीकडे जा" म्हटलं की तो बिडी पेटवायचा. हा जात होता. आबांना याचंच समाधान मोठं.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी भूषण शेतातून आला. डोक्यावरून वाहिलेल्या घडांपैकी कितीतरी परत आले होते, म्हणून चेहरा उतरलेला. घरात बघतो तर आबा टीव्हीसमोर आणि शेजारी त्यांचे दोस्त फारुखभाई. नशिराबादचे, केळीच्या कटाईचे मुकादम. माणसं शेतावर लावून ते रोज तासभर आबांचा पाय बघायला यायचे आणि पुनाला बघून जायचे.

"वा," भूषण म्हणाला. "आपले घड डागाळताहेत आणि आबा राक्षस मारताहेत."

"तुले जमस का?" आबांनी मान न वळवता विचारलं.

"मला जमायची गरजच नाही. तुम्हाला तरी कुठं जमतंय? एक घळ साफ करून दाखवा. एकट्याने."

"केली तर?"

भूषण रागात होता, म्हणून उदार झाला. "तर म्हसोबा आहे तिथेच राहील. मी जन्मात पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली, तर निंबाखाली. मुदत पाय मोकळा होईपर्यंत."

"कोणी सांगायचं नाही, कोणी हात लावायचा नाही," आबा म्हणाले. "फारुखभाई साक्षीदार."

"कबूल," फारुखभाई म्हणाले. त्यांना कुठल्याही बाजूने कंटाळा येणार नव्हता.

प्लास्टर निघायला अकरा दिवस होते. दिपमालाने आबांना कोळशाची घळ लावून दिली. गावाच्या वरच्या अंगाला एक पडका दरवाजा, त्याच्या आत घळ, घळीत चाळीस राक्षस. घळीतून सगळे नाहीसे झाले की काम पूर्ण. किती झाले ते पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यात दिसायचं. इंग्रजी आबांना वाचता येत नव्हतं, पण आकडे साऱ्या जगाचे सारखेच.

पहिले दोन दिवस पुना सारखा मेला. तिसऱ्या दिवशी आबांना आपली चूक कळली. आपण कामाला लागण्याआधी नारळच फोडला नव्हता! दरवाजातून आत गेलं की घळीच्या तोंडाशीच एक दगड होता. गुडघ्याएवढा, लालभडक, ओबडधोबड, वर दोन खळगे डोळ्यांसारखे. आबांनी इतके दिवस त्याच्याकडे बघितलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. आंधळ्यालाही कळलं असतं तो कोण ते. नारळ गेममध्ये मिळत नव्हता. पाव मिळायचे, जखमी पुनाने खायचे. आबांनी त्यातला एक काढून दगडापुढे ठेवला, पुनाला गुडघ्यावर बसवलं आणि मग आत धाडलं.

त्या दिवशी पुनाने सहा राक्षस मारले.

दिपमाला बाजूला बसून गावातल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावत होती. तिची सुई थांबली. ओठ दाबून तिने पुन्हा शिवायला घेतलं. ती माहेरी भावाबरोबर हा गेम दोनदा संपवून आली होती. पण शर्त म्हणजे शर्त.

आबांचं काम केळीच्या बागेसारखं चाललं. ओळ सोडायची नाही. एका कडेने धरायचं, दुसऱ्या कडेला सोडायचं, मागे काही राहिलं का ते वळून बघायचं. दिपमाला माहेरी धावत मारत सुटायची. आबा राक्षसाला आधी निरखायचे. "हाऊ डावा हाते मारस. हाऊ आळशी शे, ऊन लागलं का सरकस." दर खेपेला आत जाताना दगडापुढे पाव. पुनाला तो कमी पडला, की फारुखभाई कळवळायचे. "अभिमनभाऊ, आपला माणूस उपाशी आणि तू दगडाला खिलवतोय?"

"तू बकरी ईदले कोणाले इचारीसन वाटस का?"

"वो अलग बात है."

"मंग हाई बी अलग शे."

आणखी एक गोष्ट घडत होती, ती आबांनी मनात टिपून ठेवली आणि कुणाला सांगितली नाही. दगड वाढत होता. गुडघ्याचा मांडीला आला. यात त्यांना विचित्र काही वाटलं नाही. ज्याची सेवा होते तो वाढतोच.

रविवारी दुपारी कोपऱ्यात एकोणचाळीस आले. फारुखभाईंनी टाळी वाजवली. गुरुवारी प्लास्टर निघणार. एक राक्षस आणि चार दिवस. त्या संध्याकाळी भूषण जेवत असतानाही प्रमिलाबाई आबांच्या बाजूच्या होत्या.

पण चाळीसावा सापडेना. सोमवारी आबांनी घळीचा कोपरा न् कोपरा पुन्हा धरला. मंगळवारी कडे चढून बघितले. एका विहिरीत पुनाला तीनदा उतरवलं. काही नाही. भूषण आता रोज दुपारी घरी चहाला येऊ लागला. यायचा, कोपऱ्यातला आकडा बघायचा, चहा प्यायचा, जायचा. जाताना एकदा नुसतं म्हणाला, "निंबाची सावली चांगली आहे, आबा."

बुधवारी दुपारी आबांनी पाव ठेवला, पुनाला बसवलं, उठवलं. एरवी तो तसाच सरळ आत जायचा. पण आत बघायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून आबांनी त्याला चार पावलांवर नेऊन वळवलं. सवयीने. मागे काही राहिलं का बघायला.

दगडातून एक हात बाहेर आला. पाव उचलला. खळग्यांखाली एक फट उघडली, पाव आत गेला, फट मिटली. पुन्हा दगड.



"या अल्ला," फारुखभाई म्हणाले. "चाळीसावा तर जेवायला बसलाय!"

आबांनी दिपमालाकडे बघितलं. ती साडीत मान घालून बसली होती, खांदे हलत होते. "तुले माहीत व्हतं?"

"शर्त होती, आबा."

"मार मग," फारुखभाई पुढे सरकले. "झोपलेलाच आहे. दोन घाव, चाळीस पूर्ण. तुझा खरा दगड वाचतो. हा तर राक्षसच निघाला ना?"

आबांनी पुनाची तलवार उपसली. ती दगडावर धरली. बराच वेळ तशीच धरली. पुनाचे हात दुखले असते तर त्याने बिडी पेटवली असती.

"राक्षस व्हई," आबा शेवटी म्हणाले. "पन मी त्याले घरना मानूस समजीसन खाऊ घातं. ज्याले आठ दिवस वाढलं त्याले नवव्या दिवशी मारू?"

"तर मग हर."

"हरतो कशाले?"

"मारत नाही, हरत नाही. तिसरं काय आहे त्यात?"

प्रमिलाबाई चहा घेऊन आल्या. "मारा नाहीतर हरा, पण चहा गरम आहे तोवर प्या."

आबांनी चहा पिऊन घेतला. मग तलवार म्यान केली आणि पुढचा पाव दगडापुढे न ठेवता दोन पावलं अलीकडे, दरवाजाच्या बाजूला ठेवला. पुनाला लांब उभं केलं आणि वाट बघू लागले. वाट बघणं हे आबांचं जुनं काम. केळी लावल्यापासून घड येईपर्यंत माणूस दुसरं काय करतो?

दगडातून हात आला. पाव मिळेना. हात चाचपडला, आत गेला. मग दगडाला पाय फुटले. लालभडक, बुटका, पोट सुटलेला एक राक्षस उठला, दोन पावलं चालला, पाव खाल्ला आणि तिथेच बसून पुन्हा दगड झाला.

फारुखभाईंनी त्या दिवशी नमाजाची वेळ सांभाळली आणि लगेच परत आले. दिपमालाने फॉल बाजूला ठेवला. पावामागून पाव, दोन दोन पावलं. मध्येच कुठूनसा बाण लागून पुना अर्धा झाला, तेव्हाही आबांनी त्याला स्वतःचा पाव खाऊ दिला नाही. शेवटचा पाव पडक्या दरवाजाच्या बाहेर, एका वाळलेल्या झाडाखाली ठेवला. राक्षस उंबरठ्याशी थांबला, मागे वळून घळीकडे बघितलं, असं निदान आबांना वाटलं. मग बाहेर पडला, झाडाखाली बसला, दगड झाला.

ढोल वाजला. कोपऱ्यात चाळीस.

"मी दोनदा खेळले आबा," दिपमाला म्हणाली. "दोन्ही वेळा झोपेतच फोडला याला. हा चालतो, हे मला माहीतच नव्हतं."

"तू धावत व्हती," आबा म्हणाले.

भूषण आला तेव्हा पडदा तसाच ठेवला होता. त्याने आकडा बघितला, पुन्हा बघितला. शब्दाचा माणूस, तोंड वाकडं केलं नाही. एवढंच विचारलं, "चाळीसावा मेला कसा?"

"मेला नाही," साक्षीदार म्हणाले. "गेला."

"गेला? कुठं?"

"इथंच. दहा पावलं. झाडाखाली."

भूषणने आबांकडे बघितलं. आबा पंख्याकडे बघत होते. झाड आणि दहा पावलं म्हणजे काय ते खोलीतल्या सगळ्यांना समजलं होतं, पण विषय काढायची ज्याला मनाई झाली होती त्याला बोलता येईना आणि ज्याला बोलता येत होतं त्याला बोलायचं नव्हतं. भूषणने चहा मागितला.

गुरुवारी जळगावला प्लास्टर कापलं. शुक्रवारी सकाळी आबा काठी टेकत शेतावर गेले. कटाई चालू होती. रस्त्यावर कंटेनर उभा, फारुखभाईंची माणसं डोक्यावर घड घेऊन वळणावरून ये-जा करत होती. म्हसोबाच्या कोपऱ्याला एकाचा घड घासला, ते आबांनी बघितलं. मग दुसऱ्याचा. बाजूला काढलेल्या घडांचा ढीग होता, त्याच्याकडेही बघून घेतलं.

प्रमिलाबाईंनी दहीभाताचं ताट दिलं होतं. आबा म्हसोबापुढे आले, हात जोडले आणि ताट मात्र त्याच्यापासून दोन पावलांवर, निंबाच्या अंगाला ठेवलं.

फारुखभाई मागेच होते. "तिथं का?"

"तठे सावली शे."

"अभिमनभाऊ, दगड चालत नसतो."

"तो बी दगडच व्हता ना? खावानं व्हई तं येई."

"आणि नाही आला तर?"

"त्याले घाई नई." आबा काठीवर रेलले. "तो सोताना पायवर जाई, तं मी कोन आडवणार?"

दुसऱ्या दिवशी ताट न्यायला भूषण स्वतःहून उठला. शेतात जाऊन त्याने ते म्हसोबापासून सहा पावलांवर, निंबाच्या अंगाला ठेवलं. आबा बांधावरून बघत होते. त्यांनी काठी उचलून त्याला थांबवलं आणि ताट दोन पावलं मागे घ्यायला लावलं.