सुटायला हवं होतं, तेव्हा

मी एक खटका बोलतोय. मुलांच्या स्कीवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्टीवर, बूट धरून ठेवणारा. पण धरणं हे माझं अर्धंच काम. मूल पडून पाय पिळवटला, की तत्क्षणी बूट सोडून देणं हे उरलेलं अर्धं.

माझ्या अंगावर एक स्क्रू आहे, शेजारी आकडे. मुलाचं वजन बघून तो फिरवायचा असतो. टिरोलच्या डोंगरांतल्या कोर्बिनियानसाठी, बारा वर्षांच्या त्या दणकट पोरासाठी, मला चांगलं आवळलं होतं. तो वाढला आणि मी तीन वर्षं तळघरात बटाट्यांशेजारी गंजत पडलो.

मग त्याच्या वडिलांनी, गेबहार्टनी, मला बाहेर काढलं. धाकट्या लेकीसाठी, फ्रोनीसाठी. सहा वर्षांची, मूठभर जीव.

"आधी स्कीच्या दुकानात दाखवून आण," तिची आई रोसविथा म्हणाली.

"अगं, या डोंगरात जन्म गेला माझा. मला शिकवतेस?"

त्यांनी बुटाच्या मापाने मला सरकवलं. स्क्रूकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कोर्बिनियानच्याच आकड्यावर राहिला.

उतारावर फ्रोनी दोनदा पडली. मी सुटलो नाही. गेबहार्ट खूश! "बघ, कशी घट्ट बसलीय!"

"बाबा, पाय ओढला जातो."

"पहिल्या दिवशी होतंच गं. चल!"

ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

दुपारी बर्फ ओला, जड झाला. स्कीचं टोक त्यात रुतलं. फ्रोनी एका बाजूला फिरली, स्की जागीच राहिली. पीळ माझ्यापर्यंत आला. सुट, सुट, मी स्वतःला म्हणत होतो. स्प्रिंग हलेना. मग तिच्या नडगीतून बारीक आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. तो आवाज सगळ्यात आधी मी ऐकला. तिची किंकाळी नंतर.

प्लास्टर वसंतात निघालं. पुढच्या हिवाळ्यात गेबहार्ट फ्रोनीला आणि मला घेऊन दुकानात आले. तिथल्या नोटबुर्गाबाईंनी मला यंत्रावर तपासलं.

"हा आता कुणाच्याच पायाला लावायचा नाही."

त्यांनी मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. तिथून मी पाहत होतो. नवी स्की समोर ठेवली, तरी फ्रोनी बापाच्या मागे लपलेली.

"हा सुटतो?" तिने नव्या खटक्याकडे बोट दाखवत हळूच विचारलं.

नोटबुर्गाबाईंनी तिचं वजन केलं, स्क्रू फिरवला, तिचा बूट अडकवून हाताने पिळला. खट्! बूट मोकळा. फ्रोनी वाकून बघत होती.

"परत."

खट्!

"परत."

गेबहार्ट खाली मान घालून उभे होते. मग बाहेर गेले, गाडीतून स्वतःची जुनी स्की आणली आणि टेबलावर ठेवली.

"माझीही बघा," ते म्हणाले.

माझं संपलं. तुमच्या घरात माझा एखादा भाऊ पडला असेल, तर लेकराच्या पायाला लावण्याआधी त्याला सुटताना एकदा पाहा.