तळ कडक होईपर्यंत

हसुराम घरतला सोमवारी इंजेक्शन टोचलं की गुरुवारी त्याच्या घरात घोट्यापर्यंत पाणी चढायचं. कुठून म्हणाल, तर कुठूनच नाही. दार बंद, नळ बंद, आणि हसुराम बसला असेल त्या खोलीत फरशीवर कोमट, खारं पाणी. तो उठून पडवीत गेला की पाणीही मुकाट्यानं त्याच्यामागे पडवीत जायचं.

बाकी इंजेक्शनाला नावं ठेवायला जागा नव्हती. दोन वर्षांपूर्वी मेंदूतल्या ग्रंथीवरची गाठ काढली आणि तेव्हापासून त्याच्या शरीरानं पुरुषाचं हार्मोन बनवणंच सोडलं. मिठागरावर दिवसभर टोपल्या वाहणारा गडी, पण सात वर्षांची लेक जुई ‘बाबा, उचल’ म्हणाली की हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. लाज तर इतकी वाटायची की विचारू नका. त्याच हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली आणि अंगातली रग हळूहळू परत आली. एका सकाळी त्यानं जुईला खांद्यावर घेतलं आणि अख्खा गाव फिरवून आणला. एवढ्याचसाठी त्याला बरं व्हायचं होतं. लेक उचलता आली पाहिजे, बस्स.

पण या पाण्याचं काय? छाती दुखरी झाली, पाय सुजले, आणि शेजारी बसायला आले की त्यांच्या चपला तरंगत चुलीपाशी जायच्या.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना काही नवल वाटलं नाही.

“होतं असं. आम्ही देतो त्यातलं थोडं तुमचं शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. तेच साचतंय.”

“म्हणजे बायकांचं?”

“पुरुषालाही लागतं हो. हाडांना, सांध्यांना, मनाला. पार संपवायचं नाही. ते कमी करायला ही अर्धी गोळी, आठवड्यातून दोनदा. महिन्यानं रक्त तपासू. आपल्या मनानं वाढवू नका.”

आता ऐकायचं ना माणसानं! पण हसुराम पडला मिठागरातला. मोसमाच्या तोंडाला मिठाच्या वाफ्यातलं पाणी काढून टाकायचं, चिखल पायांनी तुडवून तुडवून तळ दगडासारखा करायचा, आणि मगच खाडीचं पाणी आत घ्यायचं, हे त्याला बापानं शिकवलेलं. आधी तळ, मग पाणी. त्यानं अर्ध्या गोळीची अख्खी केली, आणि दोनदाची रोज.

“अहो, बाईंनी सांगितली तेवढीच घ्या की,” त्याची बायको सुगंधा म्हणाली.

“तळ कडक होऊ दे. मग येतो अर्धीवर.”

“तुम्ही काय वाफा आहात?”

तो हसला. घरात त्याचं हसू ऐकू आलं ते शेवटचं.

पंधरा दिवसांत फरशी कोरडी ठणठणीत झाली. मग माठ आटला. त्याच्या ताटात वाढलेल्या आमटीला घास घेईपर्यंत भेगा पडायच्या. त्याचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि उठताबसता सांध्यांतून मीठ गळायचं. सुगंधा दोन वेळा ते सुपलीत भरून बाहेर टाकायची. थोरली बहीण वारली तेव्हा सगळे हमसून रडत होते, आणि हा सरणाची लाकडं नीट वाळलीत का ते बघत उभा होता. आपल्याला काहीच वाटत नाही हे त्याला कळलं. त्याची भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

महिना भरला. बाईंनी सुई टोचली, पण नळीत रक्त येईना. दुसऱ्या हाताचंही तेच.

“किती घेतलीत?”

“रोज एक.”

“आजपासून बंद!” बाई घाबरल्या होत्या. “पाणी येईल परत, पण वेळ लागेल. तोवर जड काही उचलू नका.”

घरी आला तर जुई अंगणात वाट बघत होती. “बाबा, उचल.”

आधी कितीतरी महिने तिला नाही म्हटलेला माणूस, त्याच्या तोंडून पुन्हा ‘नाही’ निघेना. त्यानं तिला दोन्ही काखांत धरून डोक्याच्या वर उचललं. कोपरांत कट्ट वाजलं. मग खांद्यांत, मग कमरेत.

“बाबा, पुरे. खाली घे.”

“घेता येत नाहीये,” तो म्हणाला.

सुगंधा धावत आली. तिनं त्याची बोटं ओढून पाहिली, कळशीमागून कळशी त्याच्या अंगावर ओतली. पाणी कातडीला लागायच्या आधीच नाहीसं व्हायचं. शेजाऱ्यांनी शिडी लावली, ती दोन पायऱ्या कमी पडली. तिच्याहून लांब आणली, तीही दोनच पायऱ्या कमी पडली.

“अहो, रडा हो!” सुगंधा त्याला गदागदा हलवत ओरडली. “पोरगी वर आहे तुमची. थोडं तरी रडा, म्हणजे सुटेल सगळं!”

त्यानं मनापासून प्रयत्न केला. लेकीवर आपला जीव आहे, हे त्याला आठवत होतं. पण आत जिथं जिथं चाचपावं तिथं हाताला टणक तळच लागत होता.

जुई रडायला लागली. तिचे थेंब त्याच्या कपाळावर पडले, गालांवर पडले, आणि पडल्याजागी वाळले. त्यानं ओठ चाटले. मिठाचा दाणा बारीक होता, पांढराशुभ्र, एक नंबरचा माल.

त्यानं मान वर करून जुईकडे पाहिलं. वर अजून बरंच पाणी होतं.