पळसाची दोन पानं

सिंगापुरात लताला जिवाभावाची म्हणावी अशी मैत्रीण एकच होती, ऋता. दोघी एकाच लॅबमध्ये संशोधक. लता हौगांगच्या साध्या, सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये राहायची, ऋता बुकित तिमाहच्या महागड्या खासगी कॉन्डोत.

एकदा लतानं लॅबमध्ये पानगा नेला. मक्याच्या पिठाची, केळीच्या पानात भाजलेली जाड भाकरी. ऋतानं तुकडा मोडत विचारलं, "पानगा? नाव कसं पडलं गं?"

लतानं तिथूनच धुळ्याला आईला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आई हसली. "पानात भाजायचा म्हणून पानगा. आम्ही मजुरीला जायचो. रानात तवा कुठला? पीठ मळायचं, पळसाच्या दोन पानांत दाबायचं नि निखाऱ्यावर टाकायचं. घरी तरी तवा कुठं होता म्हणा!"

लता जरा संकोचली. घरची ही गरिबी तिनं इथे कुणाला सांगितली नव्हती. ऋतानं तिचा हात दाबला. "काकू, इथल्या मराठी मंडळात सणाच्या कार्यक्रमाला मी शब्दांवर बोलणार आहे. तुमचं नाव घेऊन हे सांगू ना?"

"सांग की!" आई खुलली.

कार्यक्रमासाठी लतानं मार्केटमधून केळीची पानं आणली आणि सकाळभर खपून सगळ्यांना पुरतील एवढे पानगे भाजले. मुलगी जान्हवीला घेऊन ती पहिल्या रांगेत बसली.

ऋता माइकपाशी आली. "हा माझ्या पणजीचा पदार्थ. पान म्हणजे जेवणाचं पान. आमच्याकडे हा केळीच्या पानावर नैवेद्याला ठेवत, म्हणून पानगा."

टाळ्या पडल्या. जान्हवी आईच्या कानाशी लागली, "मम्मी, आजीची स्टोरी अशी नाही, राइट?"

लतानं ऋताला बाजूला गाठलं. "हे काय सांगितलंस?"

"अगं, सणाचा कार्यक्रम. त्यात मजुरी, घरात तवा नाही, हे बरं दिसलं नसतं. तुलाच अवघडल्यासारखं झालं असतं. तुझाच विचार केला मी."

"मला कशाला अवघडायला होईल? आणि पणजी कुठून आणलीस?"

तेवढ्यात मंडळाच्या प्रणिताताई आल्या. लतानं त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या पानगा खात समजुतीनं म्हणाल्या, "असतील हो दोन्ही अर्थ." आणि ऋताला फोटोसाठी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "झालं का भाषण? माझं नाव घेतलं?"

खोटं बोलावं असं लताला क्षणभर वाटलं. पण एक खोटं कालच ऐकून झालं होतं. "नाही आई. तिनं तिच्या पणजीचं घेतलं. नैवेद्याचा पदार्थ म्हणाली."

आई हळूच म्हणाली, "मी गल्लीत सगळ्यांना सांगून बसले गं."

फोन कानाशी तसाच धरून लता रडत राहिली.