शेवटची ओळ त्याची

या, थोडं पुढे सरकून बसा. महाराज उभे राहायला अजून अवकाश आहे, वीणेकऱ्याच्या तारा जुळताहेत. तोवर एका गाणाऱ्या नवराबायकोची गोष्ट ऐका. गोड नाही, पण देवाच्या दारातली आहे.

भागाबाईने पेजेची वाटी उखर्डूच्या ओठांशी नेली. त्याने ओठ मिटून घेतले. तिने वाटी खाली ठेवली, पदराने त्याची हनुवटी पुसली, पुन्हा वाटी उचलली. ओठ तसेच.

"घोटभर तरी प्या," ती म्हणाली.

तो भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर तुणतुणं. गळ्याला उपरणं गुंडाळलेलं होतं, आणि त्याच्या आतली गाठ आता उपरण्यालाही झाकता येत नव्हती. बोलायचं झालं तर तो हाताने तिला जवळ बोलवी आणि कानात फुंकर घातल्यासारखं बोले.

"म्हनशी का?" त्याने विचारलं.

"पेज थंडी व्हई राह्यनी."

त्याने मान वळवली.

फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या मळ्यांमधलं ते गाव. मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता आणि आज काल्याचा दिवस. मंडपात पाणी शिंपडून झालं होतं, दह्यालाह्यांची घंगाळी आत आली होती. कापसाच्या वेचणीला सुट्टी देऊन माणसं येऊ लागली होती. दर मार्गशीर्षात इथे काल्याच्या कीर्तनाआधी उखर्डू-भागाबाईचं एक पद व्हायचं. महाराजांनीच ती रीत पाडली होती. पंडितमहाराज म्हणत, माणसं घरून दुःख काखोटीला मारूनच येतात, ते आधी ह्या दोघांपाशी उतरवू द्या, मग मी देवाचं बोलतो.

दोघं धुळ्याकडची. बाजाराच्या गावी, जत्रेत, सप्ताहात गात फिरत. त्यांची पदं रामजन्माची नव्हती की कृष्णाच्या खोड्यांची नव्हती. आटलेल्या आडाची होती, पटकीत ओस पडलेल्या गल्लीची होती, सासरी निघालेल्या आणि परत न आलेल्या लेकीची होती. थट्टेखोर लोक त्यांना रडगाणी म्हणत आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावत. पद सगळं भागाबाईने गायचं, तिचा आवाज जाड आणि थोडा फाटलेला. उखर्डूने तुणतुणं धरायचं. शेवटची ओळ मात्र त्याची, कारण त्या ओळीत त्याचं नाव. कर्त्याच्या नावाशिवाय पद पुरं होत नाही, आणि नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही. इतकी वर्षं ह्यात कुणाला काही अडचण वाटली नव्हती.

खरं म्हणजे शब्द भागाबाईचे असत. पहाटे जात्यावर बसली की तिला सुचत. तो अंथरुणात पडल्यापडल्या ऐके आणि दिवसा तारेवर बसवी. पण पदात नाव घालायचं ते घरधन्याचं, हेही तिनेच पहिल्यांदा म्हटलं होतं.

दिवाळीच्या सुमारास त्याचा आवाज पुरता गेला. धुळ्याला दाखवलं, तेव्हा डॉक्टरने भागाबाईला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ आत उतरली आहे, थंडीचे दिवस निघाले तरी पुष्कळ. ती हे कुणापाशी बोलली नाही. उखर्डूला बोलायची गरज नव्हती, त्याला ते कळलेलंच होतं. तेव्हापासून तो एकच मागत होता. शेवटची ओळ तिने म्हणायची.

यावलच्या बाजारात ती ओळ मगनने म्हटली होती. मगन म्हणजे महाराजांचा टाळकरी, गळ्याने गोड, तोंडाने वात्रट. ती ओळ त्याने सुरू करताच उखर्डूने तुणतुणं जमिनीवर पालथं ठेवलं. काल संध्याकाळी इथे आल्यापासून त्याने अन्नालाही नकार दिला होता.

ओसरीवर सुगंधाबाई आली. तिच्याच घरी दोघं उतरली होती. तिने थंड झालेली वाटी पाहिली.

"घे ना व एकदा नाव," ती म्हणाली. "लग्नात उखाण्यात घेतलं नव्हतं का?"

मगन खांबापाशी टाळाची दोरी घट्ट करत होता. तो म्हणाला,

"वहिनी, तुम्ही नुस्ता 'उ' लावा. बाकीचं आम्ही ओढून नेतो."

"तुला बायको भेटली म्हणजे बोल," सुगंधाबाई त्याला म्हणाली. "तुझं नाव घ्यायला कोणी आधी उभी तर राहू दे."

भागाबाईही हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. उखाण्यात तिने नाव घेतलं होतं. मांडवात, चारचौघींच्या आग्रहाने, लाजत, मोठ्याने. त्याच महिन्यात गावात प्लेग शिरला आणि उखर्डूच्या जांघेत गोळा आला. तो वाचला, कसा ते देवाला माहीत. पण त्याच्या उशापायथ्याशी बसून सासूने तिला जे सांगितलं, ते तिच्या अंगात मुरलं. सासूची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा झाला तसा त्याला उकिरड्यावर लोळवला आणि नाव ठेवलं उखर्डू, की मरणाने केर समजून पुढे निघून जावं. 'म्या माझा पोर केरात दडवला,' सासू म्हणाली होती, 'आन् तू मांडवात उभी राहून त्याला हाक मारलीस.'

त्यानंतर भागाबाईच्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं. झोपेतसुद्धा.

पंडितमहाराज स्नान करून, ओल्या केसांनीच ओसरीवर आले. त्यांनी उखर्डूशेजारी बसकण मारली.

"उखर्डू, ओळ मी म्हणू का? माझ्या तोंडी शोभेल का रे तुझं नाव?"

उखर्डूने त्यांच्या पायांना हात लावला आणि नकारार्थी मान हलवली.

महाराज भागाबाईकडे वळले. "बाई, पद नावावाचून राहिलं तरी देव काही परत पाठवत नाही. तू थांबशील तिथं मी टाळ्या धरीन. मनाला लावून घेऊ नकोस."

ते मंडपाकडे गेले. त्यांच्यामागे मगन आणि सुगंधाबाईही गेली. उखर्डूने हाताने तिला जवळ बोलावलं.

"मना मांगे कोन शे?" तो कानात म्हणाला. लेकरू दोघांना नव्हतं. "मरी गयावर बठ्ठा लोक नाव लेतीन. माले जित्तेपनी आयकनं शे. तुना तोंडथीन."

"मी नाव लिधं अन् तुमले काही व्हई गयं ते?"

त्याने तिचा हात उचलून आपल्या गळ्यावरच्या उपरण्यावर ठेवला. हाताखाली ती गाठ दगडासारखी लागली.

"आते काय व्हनं बाकी शे?"

तिने हात काढून घेतला. वाटीतली पेज ओसरीखाली ओतली आणि त्याला खांद्याचा आधार देऊन उठवलं.

मंडप भरला होता. बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. उखर्डूला खांबाला टेकवून बसवलं, तुणतुणं हातात दिलं. तार वाजू लागली तशी माणसं गप्प झाली. भागाबाईने डोळे मिटले.

"आड गया खोल देवा, दोर पुरना नही,
पोहरा रिता वर उना, डोया कोरडा नही."

बायांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. ती गात राहिली. विहिरीवर रांगेत उभी असलेली बाई, रांगेतच मेलेली तिची म्हातारी, दोराला गाठी मारून मारून त्याला जोडलेलं लुगडं. प्रत्येक कडव्यानंतर तीच दोन पदरांची ओळ, आणि तिच्याखाली एकाच तारेचा तो कोरडा ठेका. शेवटचं कडवं संपलं. आता फक्त नावाची ओळ उरली.

आणि तार थांबली.

यावलचा तो दिवस सोडला तर आवाज गेल्यानंतरही त्या ओळीपुरता तो वाजवत असे, नुसत्या तारेवर. आज त्याने बोट उचललं आणि तिच्याकडे पाहत राहिला. महाराजांनी टाळीसाठी हात वर केले, पण दोघांकडे पाहून ते तसेच धरून ठेवले. एका लेकराने काहीतरी विचारलं, त्याला आईने दटावलं.

भागाबाईने पदर कपाळावर पुढे ओढला. लग्नात ओढतात तितका. मग ती गायली. मोठ्याने नाही, पण मागच्या चपलांपर्यंत ऐकू गेलं.

"उखर्डू म्हने देवा, रितालेबी वर ले."

त्याने तार एकदाच छेडली. बस, तेवढीच.

काला वाटला तेव्हा भागाबाईने दह्यात भिजून मऊ झालेल्या लाह्या बोटाने त्याच्या ओठांशी नेल्या. त्याने तोंड उघडलं. गिळायला फार वेळ लागला, तिने घाई केली नाही.

महिना सरायच्या आत उखर्डू गेला. धुळ्याच्या वाटेवर, बैलगाडीत.

बातमी आली आणि त्या गावच्या बायांनी पुढचं आपापल्या मनाने जोडून घेतलं. भर मंडपात नाव घेतलं आणि नवरा खाल्ला. डॉक्टर काय म्हणाला होता ते भागाबाईने तेव्हाही सांगितलं नाही. कदाचित सांगून उपयोग नाही असं तिला वाटलं असेल, कदाचित त्या बायांसारखंच तिलाही वाटत असेल. ती यावलकडे कापूस वेचू लागली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नव्हतंच, पण आता पाणवठ्यावरही बाया हंडा उचलून थोड्या बाजूला होत. पद मात्र पसरलं. सप्ताहा-सप्ताहात ते म्हटलं जाऊ लागलं आणि उखर्डूचं नाव शंभर तोंडांनी मंडपात घुमू लागलं. भागाबाई कधी आली तर मागे चपलांपाशी बसे. त्या ओळीला तिचे ओठ मिटलेले असत.

एकदा सुगंधाबाई उठून तिच्याजवळ जाऊन बसली. बाकीच्या बाया बघत होत्या तरी बसली.

"भागा, एक विचारू? पस्तावा होतो का गं?"

भागाबाईने बोटांना कापसाच्या बोंडांनी पडलेले ओरखडे चोळले.

"व्हस ना," ती म्हणाली. "पन त्यास्नी आयकं."

तर ते पद आज इथेही होईल. उखर्डूचं नाव तुम्ही मोठ्याने घ्या, त्याला ते आवडेल. पण ज्या बाईने ते पद जात्यावर रचलं आणि ते नाव जिवावर उदार होऊन घेतलं, तिचं नाव कुठल्याच पदात नाही. टाळ खाली ठेवण्याआधी, मनातल्या मनात का होईना, भागाबाईची एकदा आठवण करा.