पंपाचं पारणं

खुशालराव कीर्तनाला उभे राहिले की देवळात अगदी मागे बसलेल्यालाही वाटायचं, बुवा आपल्याच कानाशी बोलताहेत. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी अभंगाचं पहिलं चरण घेतलं आणि दुसरं आलंच नाही. टाळकऱ्यांना वाटलं, बुवा भावात बुडाले. त्यांनी चरण उचललं, टाळ चढवला. खांबाशी बसलेल्या गीतांजलीला तेवढं कळलं, की बुवांना श्वास मिळत नाही.

गीतांजली त्यांची पुतणी. अकोल्याला प्रयोगशाळेत रक्तातल्या प्लेटलेटवर संशोधन करायची. जखमेचं रक्त गोठवणाऱ्या या इवल्या पेशी ॲलर्जीच्या दम्यातही पांढऱ्या पेशींना बिलगतात आणि श्वासनळीची सूज वाढवतात, हे तिला तपासायचं होतं. काकांचा दमा गाजरगवताचा. कपाशी परवडेना म्हणून वलगावची कितीतरी वावरं पडीत राहिली, आणि काकांच्या झेंडूच्या मळ्याला चहूकडून ते गवत येऊन भिडलं.

"माह्यंच रक्त घे ना," काका आपणहून म्हणाले होते.

"अंगदुखीच्या न् ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवा लागतीन, काका. तुमच्या डॉक्टरले विचारलं मी." आणि त्यांच्या लक्षात राहावं म्हणून ती हसत म्हणाली, "एकादशीच समजा."

दम्याचा तोंडात ओढायचा पंप चालू ठेवा, हे सांगायचं राहिलं. काकांची एकादशी निर्जळी असते, हे त्याच घरात वाढलेल्या पोरीला आठवलं नाही.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी ती रक्त काढायला आली, तेव्हा काका ओट्यावर गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. छातीतून बारीक शिट्टी येत होती. ती तिनं ऐकली. विचारावं असं मनात आलंही. पण दम लागलेल्या माणसाचं ताजं रक्त तिला कधीपासून हवं होतं.

"हात सैल सोडा," एवढंच ती म्हणाली.

अमरावतीला मैत्रिणीच्या लॅबमध्ये तिनं ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काल्याला टाळकरी गळ्यात पडावेत तशा प्लेटलेट पांढऱ्या पेशींना बिलगल्या होत्या. आनंदानं तिला राहवेना. येताना तिनं पेढे घेतले. काका टाळकऱ्यांच्या अंगावर कोसळले तेव्हा तो पुडा तिच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काकांच्या तोंडावरचा वाफेचा मास्क निघाला. पार्वताकाकूंना आता तोंड फुटलं.

"एकादशीले साबुदाना तरी खाते मानूस! याईनं त पंपबी उचलून देव्हाऱ्यात ठेवला. म्हने, गीताचा नेम हाये."

"देवाचा उपास दुसऱ्या दिवशी सुटते," काका घोगऱ्या आवाजात हसले. "तुह्या उपासाचं काही समजेचना, बाई."

काकूंनी रुमाल काढायला गीतांजलीच्या पिशवीत हात घातला आणि पुडा बाहेर आला.

"हे पेढे कायचे वं?"

तिला खोटं बोलता आलं असतं. देवाला आणले होते म्हटलं असतं, तर काकूंनी हातही जोडले असते.

"काकांचं रक्त पाहून आनले होते," ती म्हणाली. "काका, काल सकाळी तुमची छाती वाजून राहिली होती. मी ऐकलं. तरी सुई टोचली."

काकूंनी पुडा परत पिशवीत टाकला. काका छताच्या पंख्याकडे बघत होते.

"म्या त दम दाबून धरला होता," ते म्हणाले. "म्हटलं, तुले समजलं त तू तशीच परत जाशीन."

गीतांजलीला वाटलं, ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग कामी आलं का रक्त?"

"नाही घेणार मी ते अभ्यासात. असं घेतलेलं चालत नाही."

"म्हंजे माहा नेम फुकट गेला?"

ते रक्त वापरलं तर तिचं गप्प बसणं फळाला येणार होतं, नाही वापरलं तर काकांचा आठवडा मातीत जाणार होता. तिची मान वर होईना.

"रडू नको. ज्याच्या नावाचा उपास, त्याच्याच हातानं पारणं. दे तो पंप."

काकूंनी देव्हाऱ्यातून आणलेला पंप तिनं हलवला, त्यांच्या ओठांशी धरला. "वढा, काका. थांबा. आता सोडा."

त्यांनी सोडलेल्या श्वासात ती बारीक शिट्टी अजून होती. या वेळी तिनं विचारलं, "वाजते का अजून?"

"वाजते," काका म्हणाले.

आणि डॉक्टरला बोलवायला ती उठली.