गळ्यापलीकडची उपासना

रविवारी सकाळी उपासनेला निघताना घरात जी धांदल उडते, ती तुम्हालाही ठाऊक असेल. समुद्रकाठच्या थळ गावातल्या साळवे कुटुंबात मात्र त्या रविवारी सगळं शांत होतं. विनेश कपडे करून दारात उभा होता आणि त्याची बायको सुचिता स्वयंपाकघरात उगाचच तांदूळ निवडत बसली होती.

“आजही नाही येत?” त्यानं विचारलं.

“डोकं दुखतंय,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

हा आवाज मूळचा तिचा नव्हता. चर्चमध्ये गाण्याची पहिली ओळ उचलायची ती सुचितानंच, हे कित्येक वर्षं ठरलेलं होतं. उन्हाळ्यात तिच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण सूर गेला तो गेलाच. गायनमंडळ आता कॉलेजात शिकणारी प्रणाली सांभाळत होती आणि तेव्हापासून दर रविवारी सुचिताचं डोकं दुखू लागलं होतं!

त्याच संध्याकाळी प्रणाली घरी आली. “काकी, नाताळची गाणी बसवायचीत. मुख्य चालीखालचा दुसरा आवाज मला नीट जमत नाही. तुम्ही दाखवाल?”

“तुझं छान चाललंय की! मला कशाला विचारतेस?”

मुलीचा चेहरा उतरला. ती आल्या पावली परत गेली.

विनेशची एस्तेरआत्या पडवीत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, “सुचिता, पोरीनं काय वाईट केलं गं तुझं?”

सुचिताचे डोळे भरून आले. “आत्या, मी आयुष्यभर देवासाठी गायले. मनापासून गायले! मग माझाच गळा का गेला?”

“मनापासून गायलीस, मी ऐकलंय ना. पण गळा गेल्यावर तूही देवाकडे जायची थांबलीस. म्हणजे त्याला तू नुसता गळाच दिला होतास का? तुझे हात, तुझा वेळ, तुझा राग, तुझं दुखणं, हे सगळं कुणासाठी राखून ठेवलंस?”

सुचिताला हे फार लागलं. ती उठून आत निघून गेली आणि दोन दिवस आत्याशी जेवणापुरतंच बोलली.

बुधवारी पहाटेपासून वारा सुटला. शेजारच्या ठमीचा नवरा सदा आदल्या दिवशी होडी घेऊन समुद्रात गेला होता. बाकीच्या होड्या परतल्या, त्याची आली नाही. फोन लागत नव्हता. ठमी किनाऱ्यावर जाऊन बसली. भोवती बायका जमल्या. कुणी रडत होतं, कुणी मागच्या वादळाच्या गोष्टी काढत होतं.

सुचिता तिथे गेली खरी, पण गोंधळली. पूर्वी असं काही झालं की ती एखादं गीत म्हणायची, गोड आवाजात धीर द्यायची आणि तालमीला उशीर होतो म्हणून निघायची. आता देण्यासारखं जवळ काहीच नव्हतं. ती ठमीला चिकटून वाळूत बसली आणि तिचा गार हात आपल्या हातात घेतला.

ऊन चढलं. बायका एकेक करून घरी गेल्या. सुचिता उठायला लागली, तशी ठमीनं तिचा हात घट्ट धरला.

“जाव नको गो. तू काय बोलू नको, नुस्ती बस. तू हाय तवर मना धीर हाय.”

सुचिता पुन्हा खाली बसली. ठमी गावदेवीला हात जोडत होती. सुचितानं आपल्या प्रभूला हाक मारली. तिला शब्द सुचत नव्हते, चाल नव्हती, ऐकणारंही कुणी नव्हतं. ‘प्रभू, हिच्या माणसाला आण. आणि मला इथे बसव, मला पळू देऊ नकोस,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. इतक्या वर्षांत आपण अशी प्रार्थना कधीच केली नाही, हे तिला तिथे वाळूत कळलं!

दुपार कलताना दुसऱ्या एका होडीनं सदाची बंद पडलेली होडी ओढत आणली. सदा गारठला होता, पण सुखरूप होता. ठमी पाण्यात धावली आणि सुचिता ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडली.

घरी येऊन ती आत्याच्या पायाशी बसली. “आत्या, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मला देवापेक्षा गायनमंडळातली पुढची जागा प्यारी झाली होती.”

आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “कळलं ना? मग आता प्रणालीकडे जा.”

सुचिता तशीच गेली. “बाळा, माझं चुकलं. मला गाता येत नाही, पण कुठे चढायचं, कुठे थांबायचं ते हातानं दाखवीन. चालेल?” प्रणालीनं तिच्या गळ्यात हात टाकले.

नाताळच्या उपासनेत सुचिता मागच्या बाकावर बसली होती. प्रणालीनं अवघड जागा अलगद पार केली, तेव्हा सुचिताच्या मनात कुठेही सल उठली नाही.

बंधुभगिनींनो, आपणही देवाला आपला एखादा चांगला तुकडा देतो. कुणी गळा, कुणी रविवारची सकाळ. बाकीचं आयुष्य आपल्याजवळच राहतं. त्याला तुकडा नको आहे. आपण जसे आहोत तसे, मोडलेल्या आवाजासकट, सगळेच्या सगळे त्याला हवे आहोत. आणि तो आपली वाट बहुतेकदा चर्चबाहेर, शेजारच्या रडणाऱ्या माणसापाशीच पाहत असतो!