खिशात राहिलेलं तिकीट

मी अराल ते अल्माटी गाडीचं जाण्यायेण्याचं तिकीट बोलतोय. माझ्यावरचं झुपारचं नाव आता पुसट झालंय, पण नीट पाहिलंत तर वाचता येईल.

झुपार पाणी तपासायचं शिकलेली. अल्माटीच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं. निवड होवो न होवो, तिकीट दाखवलं की प्रवासखर्च मिळेल, असंही कळवलं. त्याच भरवशावर तिची आई कालामकास दिराच्या दारात गेली. नवरा गेल्यापासून त्या घराशी तिचं बोलणं नव्हतं.

"वहिनी, पोरीला शहराचं वेड लागलंय तुमच्या," दीर येर्मेक म्हणाला.

"असू दे वेड. भाड्यापुरते द्या. ती आली की परत करते. नाही केले, तर उंटीण सोडून न्या."

असा माझा जन्म झाला. वाटेत रेताड माळ सरकत होता आणि झुपार कोटाच्या खिशात हात घालून मला सारखी चाचपत होती.

मुलाखत छान झाली. गावच्या खारट विहिरींबद्दल ती इतकं मनापासून बोलली, की मला खिशात बसून अभिमान वाटला.

बाहेर बाकावर आणखी मुली बसल्या होत्या. राउशान नावाच्या कारकून बाईंनी विचारलं, "बाहेरगावचं कोण आहे? तिकीट दाखवा, पैसे घ्या."

"अगं बाई! नोकरीच्या आधीच वसुली?" उंच बुटांतली एक मुलगी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी खिशातून अर्धा बाहेर आलो होतो. झुपारनं मला परत आत ढकललं.

"मी इथलीच आहे," ती म्हणाली.

मला वाचा असती तर!

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. भाड्याचे पैसे कंपनीनं दिलेच नाहीत, असं झुपारनं घरी सांगितलं. येर्मेक आला, तेव्हा कालामकासनं उंटिणीचा दोर स्वतः सोडून त्याच्या हाती दिला. घरातलं दूध संपलं. पुढे कोटाचं अस्तर शिवताना मी तिच्या हाताला लागलो.

"हे दाखवूनही त्यांनी पैसे दिले नाहीत?"

झुपारनं रडत सगळं सांगितलं. आईनं सुई खाली ठेवली.

"त्या घरी हात पसरताना मी लाजले नाही गं. आणि तू हक्काचं मागायला लाजलीस?"

दुसऱ्या दिवशी झुपारनं कचेरीत फोन केला. राउशानबाई सौम्यपणे म्हणाल्या, "पोरी, ते पैसे त्याच दिवशी घ्यायचे होते. आणि तू तर इथलीच होतीस ना?"

झुपारनं फोन ठेवला.

आता मी सुयादोऱ्यांच्या डब्यात पडून असतो. मला कुणी फेकत नाही, कुणी बघतही नाही. मुलाखतीला माणसं बोलावणाऱ्यांनो, एवढं माझं ऐका. लांबून आलेल्याला चारचौघांत मागायला लावू नका. तो दारात आला की आधी चहा द्या, आणि चहासोबतच भाडं हातावर ठेवा.